पहिला खर्डा आणि पुढचा डाव

कलाशाखेच्या वार्षिकात व्हिडिओ गेमवरील लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. हा विषय संगणकवाल्यांचा. साहित्य, इतिहास नि तत्त्वज्ञान शिकणाऱ्यांचा त्याच्याशी काय संबंध, असे ते विचारतील. परंतु थोडा विचार केल्यास असे दिसेल की, व्हिडिओ गेममध्ये कथा असते, पात्रे असतात, चित्र असते, संगीत असते. आणि यांतील प्रत्येक अंगाचा विचार आपण कोणत्या ना कोणत्या तासाला करीतच असतो. त्यात गणित असते हे खरे. पण वृत्तात लिहिणाऱ्या कवीलाही मात्रा मोजाव्याच लागतात. शिवाय स्क्रॅच किंवा गोडो यांसारखी साधने आज विनामूल्य मिळतात. त्यामुळे एखाद्या हौशी विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुट्टीत बसून लहानसा खेळ तयार करणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

नवल वाटते ते पुढे जे घडते त्याचे. खेळ तयार होतो, मित्रांना दाखवला जातो, मित्र दोन मिनिटे खेळून 'छान जमलंय हं' असे म्हणतात आणि दुसऱ्या विषयाकडे वळतात. करणाऱ्याला काय समजायचे ते समजते. मग तो खेळ संगणकाच्या एका कोपऱ्यात पडून राहतो आणि त्याच्यासोबत करणाऱ्याची उमेदही पडून राहते. कविता फसली तर आपण ती पुन्हा लिहितो. एकांकिकेची पहिली तालीम रडतखडत झाली म्हणून कोणी दिग्दर्शक नाटक रद्द करीत नाही. मग खेळाच्या बाबतीतच पहिला खर्डा हा शेवटचा का ठरावा?

याचे एक साधे कारण असे की, दुरुस्ती कोठून सुरू करावी हे नवशिक्याला कळत नाही. खेळ फिका वाटला की तो आधी चित्रे बदलतो. मग नवे शत्रू, नवी शस्त्रे, नवे टप्पे यांची भर घालतो. घर गळत असताना भिंतींना रंग द्यावा तसा हा प्रकार होतो. प्रस्तुत लेखात दुरुस्तीचा एक क्रम सुचवला आहे. त्यामागील मुख्य सूत्र आरंभीच सांगून टाकतो: खेळाचा आशय खेळणाऱ्याच्या हातात असतो. कथा काय सांगते आणि हात काय करतो, या दोहोंत जितकी फारकत, तितका खेळ कच्चा. म्हणून दुरुस्तीची सुरुवात हातापासून करावी, रंगरंगोटी शेवटी.

एका कच्च्या खेळाची गोष्ट

या सूत्राला इतिहासाचा आधार आहे. १९७१ साली अमेरिकेत नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी या दोघांनी 'कॉम्प्युटर स्पेस' नावाचा नाणे टाकून खेळायचा व्हिडिओ गेम तयार केला. त्याची प्रेरणा १९६२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तयार झालेल्या 'स्पेसवॉर' या खेळाची होती. नव्या खेळाचे यंत्र दिसायला देखणे होते. पण यान डावीकडे वळवायला एक कळ, उजवीकडे वळवायला दुसरी, पुढे ढकलण्यासाठी तिसरी आणि गोळी झाडण्यासाठी चौथी, अशी त्याची रचना होती. त्यातही यान एकदा सुटले की अंतराळातल्याप्रमाणे सरकतच राही. थांबवायचे तर उलट फिरून जोर लावावा लागे. विद्यापीठातील तरुणांना यात गंमत वाटली, पण संध्याकाळी बारमध्ये आलेल्या माणसाला वाटली नाही. त्याने नाणे टाकले, सूचना वाचल्या, यान भलतीकडे गेले आणि त्याने पेला उचलला. खेळ विकला गेला, पण त्याच्या कर्त्यांना हवे होते तसे यश मिळाले नाही.

पुढल्याच वर्षी, १९७२ मध्ये, या दोघांनी अटारी ही कंपनी स्थापन केली. तेथे आलेल्या ॲलन अल्कॉर्न या तरुण अभियंत्याला व्हिडिओ गेमचा काहीही अनुभव नव्हता. म्हणून हात बसावा एवढ्यासाठी बुशनेलने त्याला टेबलटेनिसचा एक सोपा खेळ करायला सांगितला. ही कल्पना नवी नव्हती. राल्फ बेअर यांच्या कामातून निघालेल्या मॅग्नाव्हॉक्स कंपनीच्या 'ओडिसी' या घरगुती यंत्रात असा खेळ होता आणि बुशनेलने तो मे १९७२ मध्ये पाहिलेला होता. पुढे यावरून न्यायालयीन वाद झाला व १९७६ साली तडजोड झाली. कल्पना उसनी होती. मात्र अल्कॉर्नने तिच्यात जी सुधारणा केली ती लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे.

नुसती एक फळी, तिच्यावर आदळून परत जाणारा एक ठिपका, एवढ्यावर माणूस किती वेळ रमेल? अल्कॉर्नने फळीचे मनाशी आठ भाग केले. मधल्या भागावर चेंडू लागला तर तो सरळ परत जाई. कडेच्या भागांवर लागला तर तिरका सुटे. या एका नियमाने खेळणाऱ्याच्या हाताला काम मिळाले. आता फळी नुसती चेंडूखाली नेणे पुरेसे नव्हते. तिचा कोणता भाग न्यायचा, हे ठरवावे लागे. दुसरा नियम असा की, चेंडूची देवाणघेवाण लांबली की त्याचा वेग वाढे, आणि कोणी चुकला की तो पुन्हा मूळ वेगावर येई. त्यामुळे प्रत्येक डावाला संथ सुरुवात, चढती लय आणि शेवटचा क्षण असे नाट्य आपोआप लाभले. ओडिसीच्या खेळात ध्वनी नव्हता, पडद्यावर गुणही दिसत नसत. अल्कॉर्नने दोन्ही आणले. वरिष्ठांना प्रेक्षकांच्या आरोळ्या हव्या होत्या. तेवढी विद्युत्‌योजना करणे शक्य नव्हते. मग त्याने यंत्रात आधीच असलेल्या संकेतांतून एक साधा 'टक्‌' असा आवाज काढला. तोच आवाज पुढे जगभर ओळखीचा झाला.

आणखी एक गोष्ट. मंडलातील एका दोषामुळे फळ्या पडद्याच्या अगदी वरच्या कडेपर्यंत पोहोचत नसत. अल्कॉर्नने हा दोष तसाच राहू दिला. कारण फळी सर्वत्र पोहोचली असती तर दोन निष्णात खेळाडूंचा डाव संपलाच नसता. यावरून दिसते की प्रत्येक दोष दुरुस्त करायचाच असतो असे नाही. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकाडो यांनी केलेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स'चे उदाहरण असेच आहे. शत्रू मरत जात तसतसे पडद्यावर काढायच्या आकृत्या कमी होत आणि उरलेले शत्रू आपोआप जलद धावत. हे यंत्राच्या मर्यादेतून घडत होते. कर्त्याने ते काढून टाकले नाही, आणि खेळाची चढती उत्कंठा त्यातूनच निर्माण झाली.

टेबलटेनिसच्या त्या खेळाचे नाव 'पाँग'. त्याचे पहिले यंत्र कॅलिफोर्नियातील सनीव्हेल गावच्या एका बारमध्ये ठेवले होते. थोड्याच दिवसांत ते बंद पडल्याचा निरोप आला. अल्कॉर्नने पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे, त्याने जाऊन उघडून पाहिले तेव्हा नाण्यांची पेटी भरून वाहत होती. एका वर्षापूर्वीचा अंतराळाचा भव्य खेळ आणि हा दोन फळ्यांचा दरिद्री खेळ यांत चित्राच्या बाबतीत पहिलाच सरस होता. दुसरा जिंकला तो हाताच्या बाबतीत.

समजा, हिरकणीवर खेळ केला

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे. पण यातील प्रत्येक चूक नवशिक्यांच्या खेळांत नेहमी आढळते.

समजा, इतिहासाच्या एका विद्यार्थिनीने हिरकणीवर खेळ रचला. आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. रायगडावर दूध घालायला गेलेली हिरकणी, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, पायथ्याच्या घरी असलेले तान्हे मूल आणि रात्री उतरलेला कडा. विषय उत्तम आहे. एकच पात्र, एकच रात्र, एकच ध्येय. नाटकाच्या तासाला ज्या गुणांचे कौतुक होते ते सर्व येथे आयते आहेत.

पण पहिला खर्डा कसा होतो? आरंभी शिवकालाची माहिती देणारे अकरा पडदे वाचावे लागतात. मग हिरकणी दिसते. तिच्या हातात कट्यार आहे. वाटेत कोल्हे, साप आणि पहारेकरी येतात. त्यांना मारायचे आहे. हवेत नाणी तरंगत आहेत. ती गोळा करायची आहेत. तीन जीव आहेत. तिन्ही गेले की पुन्हा गडाच्या माथ्यावर, आणि पुन्हा ते अकरा पडदे. उडी मारली की हिरकणी फुग्यासारखी हळूहळू खाली येते. पाय कपारीवर स्पष्ट दिसत असूनही ती घसरते. पार्श्वभूमीला वीस सेकंदांची एक धून पुन्हापुन्हा वाजत राहते. बारा टप्पे योजले होते. त्यांतले तीन झाले आहेत.

कथा सांगते की ही निःशस्त्र आई आहे, तिला मुलाकडे पोहोचायचे आहे. हात मात्र कट्यार चालवतो आणि नाणी वेचतो. ही फारकत कितीही सुंदर चित्रे काढली तरी मिटणार नाही. तेव्हा दुरुस्तीला लागू.

पहिली पायरी : गप्प बसून पाहणे

खेळ अशा माणसाच्या हातात द्यावा, ज्याने तो पूर्वी पाहिलेला नाही. आणि मग स्वतः अळीमिळी गुपचिळी करून शेजारी बसावे. 'अगं, ती कळ नाही, ही दाब' असे एकदा जरी बोललात तरी परीक्षा फुकट गेली. कारण खेळ उद्या परक्याच्या घरी जाईल तेव्हा तुम्ही तिथे सांगायला नसाल. हातात वही ठेवावी आणि फक्त चार गोष्टी टिपाव्यात: तो कोठे थबकला, त्याने कोणती कळ चुकून दाबली, तो कोठे मेला आणि त्याची नजर पडद्यावरून केव्हा उडाली. तो तोंडाने काय म्हणतो त्याला फार महत्त्व देऊ नये. मित्र प्रेमाने खोटे बोलतात, पण त्यांचे हात खोटे बोलत नाहीत.

चार-पाच जणांना खेळवले की वहीत तीच तीच ठिकाणे पुन्हा येऊ लागतात. तीच दुरुस्तीची ठिकाणे. मात्र एक काटकसर पाळावी. प्रत्येक माणूस एकदाच 'पहिल्यांदा' खेळतो. सगळा वर्ग एकाच दिवशी खर्च करू नये. पुढच्या खर्ड्यासाठी काही नवे डोळे शिल्लक ठेवावेत.

दुसरी पायरी : छाटणी

दुरुस्ती म्हणजे भर, हा समज येथे सोडावा लागतो. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारावा: ही काढली तर हिरकणीची गोष्ट बिघडेल काय? कट्यार काढली तर बिघडत नाही, उलट सुधारते. पहारेकरी, साप, नाणी जातात. अकरा पडदे जातात. त्यांच्या जागी बंद होणारा दरवाजा आणि दूरवरून येणारे रडणे, एवढे पुरते. बारा टप्पे जातात. माथा, मधला कडा आणि पायथा असे तीन राहतात.

मग उरले काय? कडा, अंधार, दोन हात, दोन पाय. आता यांतून नियम शोधायचे. कड्याला लोंबकळताना दम कमी होतो. कपारीवर टेकले की भरून येतो. हा एक नियम. आख्यायिकेच्या एका प्रचलित रूपात ती कोजागिरीची रात्र आहे. म्हणजे चांदणे आहे, पण ढगही येऊ शकतात. चंद्र उघडा असताना वाट दिसते, ढग आला की पडदा काळवंडतो आणि लक्षात ठेवलेल्या कपारींवर हात टाकावा लागतो. हा दुसरा नियम. या दोन नियमांनी खेळणाऱ्याचा हात तेच करू लागतो जे कथा सांगते. तो धरतो, चाचपतो, थांबतो, धीर करतो. आता 'आईची माया' असे शब्द पडद्यावर कोठेही लिहिण्याची गरज नाही.

तिसरी पायरी : उडीचा हिशोब

फुग्यासारखी उडी हा नवशिक्याच्या खेळाचा सर्वांत ठळक दोष. त्याला इलाज आहे आणि तो शाळेतल्या गणिताचा आहे. बहुतेक जण वेग व गुरुत्व यांचे आकडे अंदाजाने टाकून पाहतात. त्याऐवजी उडी किती उंच आणि किती वेळात हवी, हे आधी ठरवावे. आकडे मग आपोआप निघतात.

समजा, आपल्या खेळातला एक चौकोन १६ पिक्सेलचा आहे, आणि हिरकणीने तीन चौकोन, म्हणजे ४८ पिक्सेल, उंच उडावे; माथ्यावर पोहोचायला ०.४ सेकंद लागावे. गुरुत्व म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग: ९६ भागिले ०.१६, म्हणजे दर सेकंदाला दर सेकंद ६०० पिक्सेल. सुरुवातीचा वेग म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळ: ९६ भागिले ०.४, म्हणजे सेकंदाला २४० पिक्सेल. खाली येताना गुरुत्व दुप्पट केले तर पडायला ०.४ ऐवजी सुमारे ०.२८ सेकंद लागतात. निसर्गात असे होत नाही. पण पडद्यावर ही उडी नेमकी आणि वजनदार वाटते, व फुगा नाहीसा होतो.

आता पुढचा हिशोब. ती सेकंदाला १२० पिक्सेल वेगाने आडवी सरकत असेल तर सुमारे ०.६८ सेकंदांच्या उडीत सुमारे ८२ पिक्सेल, म्हणजे पाच चौकोन अंतर कापते. तेव्हा सामान्य दरी तीन चौकोनांची ठेवावी, कठीण दरी चारांची. पाच चौकोनांची दरी ठेवणे म्हणजे खेळणाऱ्याशी वैर धरणे होय. पहिल्या खर्ड्यातील निम्म्या 'अवघड' जागा प्रत्यक्षात अवघड नसतात. त्यांचा हिशोब झालेला नसतो, एवढेच.

चौथी पायरी : लिंबूटिंबूचा नियम

लहानपणी अंगणात खेळताना एखादे लहान भावंड लिंबूटिंबू असे. ते डावात असे, पण त्याच्यावर राज्य येत नसे. खेळाचा कडकपणा न मोडता दुर्बळाला सामावून घेण्याची ही आपली जुनी युक्ती. चांगल्या व्हिडिओ गेममध्ये प्रत्येक खेळाडू थोडासा लिंबूटिंबू असतो; फक्त त्याला ते कळू दिले जात नाही.

याचे उत्तम उदाहरण 'सेलेस्त' या खेळाचे. त्याचा पहिला खर्डा मॅडी थॉर्सन व नोएल बेरी यांनी २०१५ साली चार दिवसांत तयार केला. त्यासाठी वापरलेल्या पिको-८ या साधनात पडदा अवघा १२८ बाय १२८ पिक्सेलचा आणि रंग सोळाच. एक पर्वत, चढणारी एक मुलगी, आणि उडी. हा खेळ त्यांनी टाकून दिला नाही. पुढे इतर कलावंतांच्या साहाय्याने त्याचा विस्तार केला आणि जानेवारी २०१८ मध्ये मोठा खेळ प्रसिद्ध झाला. तो अतिशय अवघड म्हणून ख्यात आहे, तरी लोकांना तो अन्यायकारक वाटत नाही. याचे रहस्य थॉर्सन यांनी पुढे उघड करून सांगितले. पाय कड्यावरून सुटल्यानंतर सुमारे एक दशांश सेकंदापर्यंत उडीची कळ दाबली तरी उडी मिळते. जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी कळ दाबली तर ती लक्षात ठेवली जाते आणि टेकताच उडी होते. वर जाताना डोके कोपऱ्याला थोडेसे घासले तर खेळ पात्राला हळूच बाजूला सरकवून वाट करून देतो.

हा एक दशांश सेकंद म्हणजे काय? बहुतेक खेळांत पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटतात; म्हणजे ही सहा चित्रांची सवलत झाली. डोळ्यांना ती दिसत नाही, पण मनाला जाणवते. डोळ्यांनी पाहिले, मेंदूने ठरवले, बोटाने दाबले, यात वेळ जातोच. 'मी कळ दाबली होती!' असे खेळणारा ओरडतो तेव्हा बहुधा तो खरेच बोलत असतो. आपल्या हिरकणीला ही सवलत द्यावी. तसेच तिचा धक्का लागण्याचा अदृश्य चौकोन चित्रापेक्षा थोडा लहान ठेवावा, आणि हात टेकण्याची कपार चित्रापेक्षा थोडी मोठी. पाय कपारीवर दिसत असूनही घसरण्याची तक्रार तेवढ्याने संपते.

पाचवी पायरी : दाद

नाटकात नट बोलला आणि समोरच्या पात्राने ऐकलेच नाही असे वागले तर प्रवेश मरतो. खेळातही तसेच. खेळणाऱ्याने कळ दाबली की खेळाने तत्काळ दाद दिली पाहिजे: आवाजाने, हालचालीने किंवा चित्राने. हिरकणीचा हात कपारीला लागला की दगडाचा कोरडा आवाज यावा; दम संपत आला की श्वास वाढावा आणि हात थरथरावा. दम दाखवणारी पट्टी पडद्याच्या कोपऱ्यात ठेवण्याची मग गरजही उरत नाही.

वीस सेकंदांची ती धून आता बंद करू. तिच्या जागी वारा ठेवू, आणि अधूनमधून खालून येणारे बाळाचे रडणे. योग्य दिशेने उतरले की ते स्पष्ट व्हावे, वाट चुकली की अंधुक. असे केल्याने ध्वनी हा नकाशाही झाला आणि कथेचा गाभाही. एकच वस्तू दोन कामे करू लागली की रचना पक्की होत असल्याचे समजावे.

सहावी पायरी : शिकवणारा पहिला पडदा

सूचनांची पाने कोणी वाचत नाही. १९८५ सालच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळाचा पहिला पडदा या दृष्टीने आदर्श मानला जातो. मारिओ डाव्या बाजूला उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते. म्हणजे कोठे जायचे ते कळते. पहिला शत्रू एकटाच समोरून येतो. उडी मारणे भाग पडते. त्यात हरलो तरी नुकसान काही सेकंदांचे. एकही वाक्य न लिहिता खेळाने निम्मे नियम शिकवलेले असतात.

आपल्या खेळात माथ्यावरची पहिली उडी अशी ठेवावी की खाली दोन हातांवर सपाट खडक असेल. पडले तरी काही बिघडत नाही. फक्त वर चढून पुन्हा करायचे. पहिला ढग तेव्हाच आणावा जेव्हा हिरकणी सुरक्षित कपारीवर आहे. धोका नसताना नियम शिकवावा, आणि शिकल्यावर धोका आणावा. चांगले शिक्षक वर्गात हेच करतात.

येथेच मरणाचाही प्रश्न सोडवावा. पडल्यावर पुन्हा माथ्यावर पाठवणे ही शिक्षा आहे. तिने शिकणे होत नाही. शेवटच्या कपारीवर, दोन सेकंदांच्या आत, खेळणारा पुन्हा उभा असावा. चूक आणि पुढचा प्रयत्न यांत जेवढे अंतर कमी, तेवढा धीर जास्त टिकतो.

सातवी पायरी : एका वेळी एकच बदल

या सगळ्या सुधारणा एकाच रात्री करू नयेत. उडी, दम, चांदणे आणि आवाज एकदम बदलले आणि खेळ सुधारला अथवा बिघडला, तर कशामुळे ते कळणार नाही. एक बदल करावा, खेळवून पाहावा, वहीत नोंदवावा, मग दुसरा. जुनी प्रत निराळ्या नावाने जपून ठेवावी. आपल्या हस्तलिखितांच्या अभ्यासात पाठभेदांना जे महत्त्व आहे, तेच येथे जुन्या प्रतींना आहे. कालची उडीच बरी होती असे कळले तर परत जाण्याची वाट हवी.

चित्रांचे काम यानंतर. तोवर हिरकणी एक चौकोन असली तरी चालेल. चौकोन असताना जो खेळ रंगतो, तो चित्र चढवल्यावर अधिक रंगतो. चौकोन असताना जो रंगत नाही, त्याला चित्र वाचवू शकत नाही. याचा अर्थ चित्र दुय्यम असा नव्हे. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीवरचा खेळ केला. त्यातील चित्रे, संगीत आणि लेखन सर्व त्याचेच. जसजसा हात सुधारत गेला तसतशी त्याने जुनी चित्रे पुन्हा पुन्हा नव्याने काढली. पुन्हा काढण्याचा कंटाळा न येणे, हीच बहुधा हौशी माणसाची मोठी शक्ती असते. धंदेवाईकाला मुदत असते, त्याला ती नसते.

मात्र याच शक्तीत एक धोकाही आहे. मुदत नसली की दुरुस्तीला अंत नसतो. म्हणून स्वतःच एक तारीख ठरवावी. स्नेहसंमेलनाची ठरवली तरी चालेल. भित्तिपत्रकाशेजारी एक टेबल, त्यावर एक संगणक, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाच मिनिटांत संपवता येईल असा खेळ. तीन टप्प्यांचा पुरा झालेला खेळ हा बारा टप्प्यांच्या अपुऱ्या खेळाहून केव्हाही मोठा, कारण त्याला शेवट असतो; आणि शेवटापर्यंत कोणी पोहोचला की नाही, हे पाहिल्यावाचून आपल्याला काही शिकताच येत नाही.

हा खटाटोप कशासाठी?

कोणी म्हणेल, एवढा व्याप एका खेळासाठी का करावा? याला दोन उत्तरे आहेत. एक असे की आपल्याकडील मुले आज जे खेळ खेळतात त्यांतले बरेचसे परदेशांत घडलेले असतात, आणि त्यांतले वीर, राक्षस नि किल्ले तिकडचेच असतात. त्याबद्दल नुसती खंत करून भागणार नाही. आपल्या भाषेतल्या, आपल्या मातीतल्या गोष्टी खेळात यायच्या असतील तर त्या गोष्टी ज्यांना कळतात त्यांनीच खेळ रचायला शिकले पाहिजे. आणि नुसता फेटा बांधलेले परके खेळ न करता त्या गोष्टींच्या आतून नियम शोधले पाहिजेत. हे काम कलाशाखेचे आहे.

दुसरे उत्तर अधिक जवळचे आहे. आपले पहिले काम कच्चे निघाले की आपल्यात गुणच नाही, असा निष्कर्ष काढायची घाई विशीतल्या माणसाला फार असते. अनेक चांगले लेखक, चित्रकार, नट या एका घाईने हरवले असतील. खेळाची दुरुस्ती या घाईवर औषध आहे. कारण येथे दोष मोघम राहत नाही. 'मला जमत नाही' हे वाक्य बदलून 'दरी एक चौकोन रुंद झाली आहे' असे होते. पहिल्या वाक्यावर इलाज नाही. दुसऱ्यावर पाच मिनिटांचा इलाज आहे.

तेव्हा ज्या कोणाच्या संगणकाच्या कोपऱ्यात असा एखादा खेळ पडून असेल, त्यांनी तो आज उघडावा, न खेळलेल्या एखाद्या मित्राच्या हाती द्यावा, आणि वही घेऊन शेजारी गप्प बसावे.